लक्ष्मीपूजनाची ओहोटी

पनवेलच्या कोळीवाड्यात गुणाबाईच्या दोन गोष्टींना सगळे वचकून असत, तिच्या जिभेला आणि तिच्या हिशेबाला. जीभ निदान ऐकू तरी यायची. हिशेब पोटात चालायचा, म्हणून त्याची धास्ती जास्त. पैशांचा हिशेब नव्हे, तो ती मोबाइलवर उरकून मोकळी व्हायची. तिच्या पोटातलं खातं माणसांचं होतं. कोण अडीनडीला धावून आला, कोण ‘काय लागलं तर सांग’ म्हणून पसार झाला, हळदीच्या जेवणात आपल्या पानात कुणी नुसता रस्साच वाढला, सगळं जमा. उरण नाक्याच्या मासळीबाजारात पाटीमागे बसली, की समोरच्या बाईनं बोईट उलटून बघितल्याबरोबर ती ओळखायची: ही घेणार नाही, ही घासाघीस करून घेईल, आणि ही मुकाट घेईल पण घरी नवऱ्याला भाव कमी सांगेल.

अशा बाईला गाळानं मात्र फसवलं होतं.

तिच्या घरामागेच खाडीचा धक्का. नवरा होता तेव्हा होडी भांगालासुद्धा, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती आखडती घेते तेव्हाही, सुखानं धक्क्याला लागायची. आता अमावास्या-पुनवेचं उधाण आलं तरच ती हलत असे. बाकीचे दिवस चिखलात बसून राहायची, जेवण झालं तरी पाटावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.

गाळ काही एका दिवसात आला नव्हता. पनवेलभोवती जिकडे बघावं तिकडे माती उकरणं चालू, आणि उकरलेली माती पावसाबरोबर गाढी नदीत, तिथून खाडीत. पण त्यावर कळस चढला तो गेल्या दिवाळीच्या तोंडावर. एका सकाळी नदीतून विटेच्या रंगाचं पाणी आलं, चढत्या भरतीच्या छातीला छाती लावून उभं राहिलं, आणि दुपारी निघून गेलं तेव्हा धक्क्यासमोर ढोपरभर नवा चिखल ठेवून गेलं. कुठून आलं, कुणी धाडलं, कुणाला पत्ता नाही. गुणाबाईच्या खात्यात रक्कम होती, नाव नव्हतं. तिला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

तिचा मुलगा भावेश एक दिवस म्हणाला, “आये, वर्षातले किती दिवस तरंगते ती? तिला होडी मनायची का ओटा?”

“ओट्यावर बसूनच लहानाचा मोठा झालास ना?”

“झालो. आता उठतो.” त्यानं नवीन पनवेलमधल्या शाळेची व्हॅन चालवायचं पक्कं केलं होतं आणि होडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. गिऱ्हाईक घरचंच निघालं. उरणजवळच्या मोरा बंदरातला काशिराम, गुणाबाईचा चुलतभाऊ. तो येऊन होडीच्या बुडाला टकटक करून गेला आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारच्या भरतीला ती घेऊन जाणार असं ठरलं. अमावास्येचं उधाण, तेव्हाच ती चिखलातून सुटणार होती. त्यानंतर थेट पुनवेला.

व्हॅनला गुणाबाईचा विरोध नव्हता. पोरानं पगार आणला तर कुठली आई नको म्हणेल? पण होडी गेली की ताजी बोईटं गेली, चिंबोऱ्या गेल्या. मग लिलावातलं बर्फातलं उचलायचं आणि त्याच पाटीमागे बसून ताजं म्हणून सांगायचं. आयुष्यभर खरं बोलून तिनं लोकांना घाबरवलं होतं. आता उतारवयात खोटं बोलून त्यांना खूश करायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. तरीही ती भावेशला अडवू शकत नव्हती, कारण त्याचा हिशेब बरोबर होता. स्वतःच्याच पोरानं बरोबर हिशेब मांडावा आणि आपल्याला तो खोडता येऊ नये, यासारखी पंचाईत नाही.

दिवाळीच्या आधी सुकी मासळी घेऊन वरच्या वाड्यांवर जायचं, हा तिचा जुना शिरस्ता. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिनं सुकट-बोंबलांची पाटी मिनिडोर रिक्षात चढवली, नेरे गावाच्या अलीकडे उतरली आणि गाढीच्या काठानं टेंभाच्या वाडीकडे चालू लागली. डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची पंधरा-वीस घरं. तिथली पारू तिची जुनी गिऱ्हाईक. सुकट न्यायची, बदल्यात रानातले करांदे, उकडून खायचे कंद, द्यायची, आणि वर चार गोष्टी ऐकवायची.

त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. सगळी वाडी नदीवरच्या बंधाऱ्याशी जमली होती. छोटासाच बंधारा. दगडी खांब, आणि दोन खांबांच्या मध्ये वरून खाली सरकवायच्या लोखंडी फळ्या. पावसाळ्यात फळ्या काढून ठेवायच्या, पाऊस संपला की लावायच्या, मागे साठेल ते पाणी मे महिन्यापर्यंत पुरवायचं. त्या पाण्यावर काठाला वांगी-मिरचीचे वाफे होत. ज्या वर्षी पाणी पुरे त्या वर्षी वाडी घरी राही. ज्या वर्षी न पुरे त्या वर्षी दिवाळी झाली की घरांना कड्या लावून सगळे वीटभट्टीवर.

“काय गो पारू, सगळी वाडी नदीवर? बारसं हाय का कुणाचं?”

“बारसं कसलं, बाराव्याची तयारी. बंधारा मेला आमचा. बघ.”

गुणाबाईनं बघितलं. बंधाऱ्यामागे पाणी काठोकाठ होतं, पण रंग दूध जास्त झालेल्या चहाचा. पारूचा थोरला भाऊ जैतू लांब बांबू आत खुपसत होता. बांबू हातभर पाण्यात जायचा आणि मग लोण्यात गेल्यासारखा गाळात.

झालं होतं असं. बंधारा बांधला त्या वर्षी फळ्या दसऱ्याला लागल्या, नारळ फुटला, त्या उन्हाळ्यात पाणी पुरलं. तेव्हापासून दसरा म्हणजे फळ्या, हे वाडीत ठरूनच गेलं. पाऊस मात्र वाडीच्या ठरावाला हजर नव्हता. यंदा तो दसऱ्यानंतर परत आला, चांगला चार दिवस राहिला, आणि वर बंगल्यांच्या प्लॉटसाठी सोललेला डोंगर खाली घेऊन आला. फळ्या उघड्या असत्या तर माती निघून गेली असती. फळ्या लागलेल्या होत्या. माती आत येऊन निजली.

“मग आता?” गुणाबाईनं विचारलं.

“आता काय, उद्या दिवस उगवायला फळ्या उचलायच्या,” जैतू म्हणाला. “गाळ जाईल वाहून. नदीला अजून पाणी हाय, मागनं येईल ते परत अडवू. गेल्या साली असंच केलं.”

गुणाबाईनं पाटी खाली ठेवली. “गेल्या साली? कधी?”

“दिवाळीच्या आधीच की.”

“सकाळी?”

“सकाळीच. आठाच्या पुढं माणसं साइटवर जातात कामाला. मग फळ्या काय बकऱ्या उचलणार?”

“मंजे तो तुमचा होता!”

“कोन आमचा?” पारू गोंधळली.

“पावणा! लाल तोंडाचा! वरीस झालं माझ्या धक्क्यावर पाय पसरून बसलाय. होडी रुतवली, पोराचं मन उठवलं. मी वर्षभर देवाला शिव्या घालतेय आनि तुमी इथं बसून माझीच सुकट खाताय!”

गुणाबाईच्या पोटातल्या खात्यात कोऱ्या जागी नाव भरलं गेलं. पण भरल्यावर जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. समोर नाव लागलेली माणसं उभी होती, आणि त्यांचीही तोंडं उतरलेलीच होती.

पारू मात्र ऐकून घेणारी नव्हती. “डोंगर आमी कापला का गो? आमाला तरी तो आवतन देऊन आला? तुझी होडी रुतली तर तू बाजारातनं मासळी उचलशील. आमचं पाणी गेलं तर आमी काय उचलायचं? बिऱ्हाड! भट्टीवर चल मनतील, चाललो. पोरांची शाळा तिथंच बुडाली.”

“मग सोडा ना गाळ, नको कोन मनतं! पण भरतीच्या तोंडावर कशाला सोडता?”

“कसली भरती?” जैतूनं खरंच विचारलं. “दर्या कुठं, आमी कुठं. तुमच्या भरतीला आमच्या फळीशी काय घेणं?”

दर्यावर चिडता येतं, जैतूवर नाही, हे गुणाबाईला माहीत होतं. ती बंधाऱ्याच्या कठड्यावर बसली. “बाजारात दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की काय होतं? दोघी अडतात आनि माल तिथंच सांडतो. तुमचं पाणी खाली येतं आनि दर्याचं वर चढतं, ती दोघं माझ्या धक्क्यापाशी अडतात. सांडतो तो गाळ. तेच पाणी उतरताना आलं तर दर्या हाताला धरून घेऊन जाईल, पार बाहेर.”

“मग उद्या सकाळी चढतं का उतरतं?”

“उद्या वसुबारस. सकाळी चढतच असणार.” ती बोटांवर तिथी मोजू लागली आणि मध्येच थांबली. कारण पाणी इथून सुटलं की खाली कधी पोचतं, हे तिला माहीत नव्हतं. ते जैतूलाही माहीत नव्हतं. मग दोघांनी गेल्या वर्षीची सकाळ दोन्ही टोकांनी उलगडली. इकडे फळी निघाली तेव्हा ऊन नुकतं त्या हेदीच्या झाडाच्या शेंड्यावर आलं होतं, असं पारूला आठवत होतं. तिकडे लाल पाणी आलं तेव्हा आपण बाजारासाठी पाटी डोक्यावर घेत होतो, हे गुणाबाई विसरणं शक्य नव्हतं. म्हणजे दोन तास, थोडं मागेपुढे.

“अमावास्येला दुपारी पाणी भरून उतरायला लागतं,” गुणाबाई म्हणाली. “उधाणाची ओहोटी, तिच्यासारखा जोर दुसरा नाय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, न्याहारी करून फळ्या उचला. साइटी पण बंद असतात.”

जैतूनं बांबू गाळातून बाहेर ओढला. मग तो हळूच म्हणाला, “लक्ष्मीपूजनाला? घरातलं पाणी बाहेर सोडायचं? त्या दिवशी मीठसुद्धा कुणाला उसनं देत नाय, गुणाबाय.”

हा मुद्दा गुणाबाईलाही क्षणभर अडला. लक्ष्मीच्या दिवशी कोळीवाड्यातही कुणी घराबाहेर काही काढत नाही. पण भांडणात गप्प बसायची तिला सवय नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट ऐन वेळी करू नये.

“त्या दिवशी लक्ष्मी मनून पूजा कशाची करता? केरसुणीची ना? तिला हळदकुंकू वाहायचं आनि केर घरातच ठेवायचा, ही कुठली भक्ती?”

पारू हसली. आधी तोंडावर पदर घेऊन, मग नुसतीच. “हे मात्र खरं हाय, दादा. गाळ ती अवदसा. त्या दिवशीच काढायची असते.”

“आनि चार दिवसांत नदी आटली तर?” जैतूनं विचारलं. पाऊस थांबून आठवडा होत आला होता. नदीचं पाणी रोज बोटबोट उतरत होतं. “गाळ जाईल, पण मागनं भरायला पाणी नसलं तर? मे महिन्यात तुझ्या खाडीचं पिऊ?”

गुणाबाईनं पहिल्यांदाच, हिशेब न करता बोलून टाकलं. “उघडायचं मी सांगेन तेव्हा. बंद करायचं तुमी सांगाल तेव्हा. माझा भावेश चार पोरं घेऊन येईल फळ्या उचलायला आनि परत लावायला. तुमी ‘लाव’ मनालात की लावली. माझ्या धक्क्यावरचा चिखल हललेला असो नायतर नसो.”

पारूनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. गुणाबाईलाही कुणीतरी जोखू शकतं, हे गुणाबाईला त्या दिवशी कळलं. “बरं,” पारू म्हणाली. “आता बोंबील दाखव.”

कोळीवाड्यात ही बातमी कळली तेव्हा दिवाळीच्या आधीच फटाके वाजले. “गेल्या साली गाळ न बोलावता आला, औंदा गुणानं आमंत्रण धाडलंय!” असं शेजारची रंजिता दारात उभी राहून चार घरांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. भावेशनं कपाळावर हात मारला. “आये, त्याच दिवशी काशिराममामा होडी न्यायला येणार हाय. मी वर डोंगरात काय करू?”

“मामा जेवून जाईल. घाई काय? तू परत येईपर्यंत बसेल.”

“भरती थांबेल का बसून?”

“ते दर्याला विचार,” गुणाबाई म्हणाली आणि करंज्या तळायला गेली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी भावेश मित्रांना घेऊन वर गेला. गुणाबाईनं डब्याची जड पिशवी स्वतः त्याच्या खांद्याला अडकवली. काशिराम आला तो दुपारच्या आधीच. कडक इस्त्रीची पँट, खिशाला पेन. पेन कशाला ते कुणालाच कळलं नाही. होडी पाण्यावर येत होती. उधाणाचं पाणी पायरी पायरीनं धक्का चढत होतं. काशिराम आत उतरला, इंजिनापाशी वाकला, आणि वर बघून म्हणाला, “गुणे, इंजिन चालू करायचं हँडल कुठं?”

“भावेशलाच ठाऊक.”

तेवढ्यात भावेशचाच फोन आला. “आये, फळ्या उचलल्या. गाळ असा निघालाय, बघवत नाय. आनि डब्याच्या पिशवीत चपात्यांखाली इंजिनाचं हँडल कशाला घातलंस?”

“अगो बाई, चुकून गेलं असेल,” गुणाबाई काशिरामला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली आणि फोन ठेवला. काशिरामनं तिच्याकडे बघितलं. तो तिला लहानपणापासून ओळखत होता. वाद घालण्यापेक्षा त्यानं करंजी घेतली.

लाल पाणी दिसलं ते अपेक्षेपेक्षा लवकर. उधाण अजून भरून उतरायला लागलं नव्हतं. पाणी काठोकाठ तुंबून, श्वास धरल्यासारखं थांबलं होतं. त्या थांबलेल्या पाण्यात वरचा लाल रंग पसरत आला, धक्क्याच्या पायऱ्यांशी घुटमळला आणि तिथंच उभा राहिला. रंजितानं कमरेवर हात ठेवले. “आला बाई पावणा. बसायला पाट टाक आता.” मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली. गुणाबाई पायरीवर बसून पाण्यात बोट बुडवून होती. बोटाला मातीचा कण लागत होता, म्हणजे गाळ खाली बसायला लागला होता. आपण चुकलो, असं तिला वाटलं. वाडीला चार दिवस थांबवलं, त्यांचं पाणी उतरवलं, आणि शेवटी आपल्याच दारात दुसरा थर घातला. उभ्या जन्मात इतकं मोठं कर्ज तिच्या नावावर कधी पडलं नव्हतं.

मग समोरचा एक थर्माकोलचा तुकडा, जो मघापासून जागच्या जागी गिरक्या घेत होता, तो सरकला. आधी इतका हळू, की तिला वाटलं डोळ्याला भास झाला. मग सरळ. मग त्याच्या मागून पाला, कुजकी फांदी, फटाक्यांचे लाल कागद, सगळं एका दिशेनं निघालं. ओहोटी लागली होती. उधाणाची ओहोटी सुरुवातीला आळशी वाटते, पण एकदा तिनं चाल धरली की कुणाचं ऐकत नाही. वरून बंधाऱ्याचं पाणी ढकलत होतं, खालून दर्या ओढत होता. धक्क्यासमोरचा जुना चिखल कडेकडेनं कापला जाऊन ढेकळं ढेकळं पाण्यात पडू लागली. त्या आवाजावर माणसं पुढे आली. रंजितासुद्धा पायरीवर उतरली.

“वाट पाडतंय गो!” ती ओरडली.

खरंच पाडत होतं. बाहेरच्या बाजूनं पाण्याची एक खोल पट्टी आत आत येत होती. आता फक्त धक्क्याच्या अगदी तोंडाशी एक उंचवटा उरला होता, म्हशीच्या पाठीसारखा. अजून अडीच तास असंच पाणी आलं असतं तर तोही गेला असता. आणि नेमका तेव्हाच पारूचा फोन आला.

“गुणाबाय, गाळ बराच गेला. पण पाणी पार खाली लागलंय, आनि मागनं नदी कमी येतेय. काय करू, लावू का फळ्या?”

पारूनं ‘लाव’ म्हटलं नव्हतं. ‘लावू का’ विचारलं होतं. ठरलं होतं त्याप्रमाणे तिनं नुसता हुकूम सोडला असता तर गुणाबाईला बरं वाटलं असतं. विचारल्यामुळे सगळं ओझं इकडे आलं. काशिराम तिच्या तोंडाकडे बघत होता, रंजिता बघत होती. भावेश तिथं वर फळीला हात लावून उभा असणार, आणि तो आईचं ऐकणार. ‘अर्धा तास थांब’, एवढंच म्हणायचं होतं. कुणी तिला दोष दिला नसता. अर्ध्या तासात नदी काही पळून जात नाही, असं पारूसुद्धा मनाला समजावून घेऊ शकली असती. फार तर एप्रिलमध्ये कधीतरी, वाफे वाळताना, तिला ही दुपार आठवली असती.

“इचारतेस काय?” गुणाबाई म्हणाली. “लाव.”

“तुझा धक्का मोकळा झाला का?”

“झाला गो. लाव तू.”

फोन ठेवला तेव्हा काशिराम म्हणाला, “खोटं बोललीस.”

“सणासुदीला एखादं चालतं.”

काशिराम उंचवट्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोक्यात त्याचाच हिशेब चालला होता. होडी या उंचवट्याच्या आत. ती आज निघाली नाही तर थेट पुनवेपर्यंत इथंच. मोऱ्याहून परत एसटीनं यायचं, परत हिच्या करंज्या खायच्या, परत हँडल हरवणार. फळ्या लागल्या तरी आधी सुटलेलं, वाटेतलं पाणी अजून दोन तास येत राहील. तेवढ्यात उंचवटा फोडला तर होडी संध्याकाळीही बाहेर काढता येईल. त्यानं चपला काढल्या, पँट दुमडली, मग दुमडून भागणार नाही हे लक्षात येऊन तशीच सोडली, आणि फावडं मागितलं.

“अरे काशा, इस्त्री!” गुणाबाई म्हणाली.

“गप गो. फावडं दे.”

पाहुणा चिखलात उतरला म्हटल्यावर कोळीवाड्यातल्या पुरुषांना काठावर उभं राहणं जड गेलं. एकेक उतरू लागला. कुणी फावडं, कुणी घमेलं, कुणी नुसते पाय. गाळ उचलून बाहेर काढायचा नव्हताच. फक्त ढवळायचा, सैल करायचा, पुढचं काम वाहतं पाणी करत होतं. बायकांनी फळकुटं घेऊन कडा पाडल्या. रंजिता, जिनं मघाशी लाल पाहुण्याला पाट टाकायला सांगितलं होतं, ती कमरेपर्यंत त्याच्यातच उभी होती आणि सगळ्यांना कुठं खणायचं ते सांगत होती. काशिरामला मोठ्या माणसासारखं वागायचं होतं. पण चिखलात पडल्यावर माणूस कुठल्या गावचा आणि केवढा मोठा ते कळत नाही. तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा सगळ्यांत जास्त तोच हसला.

दिवेलागणीला भावेश परत आला तेव्हा पाणी उतरलेलं होतं, आणि तरीही धक्क्यापासून बाहेरच्या खोल पाण्यापर्यंत एक अरुंद, काळी, वाहती वाट दिसत होती. होडी तिच्यात उभी होती. कलली होती, पण तरंगत होती. ओहोटी संपत आली असताना तरंगणारी होडी त्यानं शेवटची शाळेत असताना बघितली असेल.

“हे कुणी केलं?”

“तुझ्या मामानं,” गुणाबाई म्हणाली. “होडी न्यायला.”

काशिराम पायरीवर बसून मडक्यातल्या पाण्यानं पाय धूत होता. “दे हँडल,” तो भावेशला म्हणाला. “निघतो. घरी लक्ष्मी वाट बघतेय.”

भावेशनं पिशवीतून हँडल काढलं, हातात तोललं. “मामा, आज नको. अष्टमीला भांगाचं पाणी बघू. ही वाट टिकली तर...” वाक्य त्यानं पुरं केलं नाही. आईकडे बघितलंही नाही. गुणाबाईनंही तिकडं बघितलं नाही. पणत्यांच्या वाती जरा जास्तच वेळ सारख्या करत बसली.

काशिराम चिखलाच्या पँटनं एसटीला गेला.

मधल्या दिवसांत भावेश व्हॅनच्या शाळेत जाऊन आला. सकाळची आणि दुपारची फेरी त्यानं घेतली, मधला आणि पहाटेचा वेळ आपला ठेवला. पारूचा फोन आला: बंधारा गेल्या वर्षीइतका भरला नाही, दोन हात कमी आहे, पण तळाला गाळ कमी, म्हणून पाणी खरं पाणी आहे. काठाला जो गाळ चिकटून राहिला त्यात तिनं वाल टोचले होते. वाडीतलं एकही घर अजून भट्टीवर गेलं नव्हतं. “औंदा बघू,” ती म्हणाली, “आनि पुढल्या साली दसऱ्याला फळ्या नायत. पाऊस गेल्याचं तू सांग, नदीचं आमी सांगू, मग लावू. दादा कबूल नव्हता. मी त्याला केरसुणी दाखवली.”

अष्टमीच्या भरतीचं पाणी जेमतेम वर आलं. भावेश पहाटे बाहेर गेला होता. गुणाबाई धक्क्यावर उभी राहिली आणि रंजिता काही काम नसताना तिच्या शेजारी. होडी वळणावरून आत शिरली, वाटेला लागली, आणि धक्का दहा हातांवर असताना बुडाखाली खर्र असं वाजलं. होडी थांबली.

“टेकली,” रंजिता म्हणाली.

भावेशनं इंजिन बंद केलं, खाली उडी मारली. चिखल पोटरीपर्यंत, ढोपर कोरडं राहिलं. त्यानं नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, खांदा दिला आणि एकदा रेटली. होडी कुरकुरली, उचलली गेली, आणि पुढचे दहा हात आपल्या पायांनी आल्यासारखी येऊन धक्क्याला लागली. टोपलीत बोईटं उडत होती. मधोमध एक जिताडा, भावेशच्या कोपरापर्यंतचा.

तेवढ्यात मोऱ्याहून फोन. “गुणे, आज अष्टमी. टेकली का होडी?”

“टेकली,” गुणाबाई म्हणाली. खरंच सांगितलं. “मग निघाली.”

काशिराम पलीकडून म्हणाला, “मंजे मी दुसरी बघू?”

“बघ. आनि पुढल्या साली ह्याच दिवशी जुनी पँट घालून ये, काशा. तुझा हात चांगला हाय फावड्याला.”

तिनं फोन कमरेला खोचला, जिताडा दोन्ही हातांनी उचलून पाटीत वर ठेवला, आणि उरण नाक्याकडे निघाली. बाजार भरायला आला होता, आणि आज कुणी ‘ताजं आहे का’ विचारलं तर काय काय ऐकवायचं, ते ती वाटेतच ठरवत होती.